नवीन संगीत शोधणं आणि विकत घेणं: नागपुरात बसून नेमकं कसं?

धंतोली_डेक
महिन्याला दीड-दोन हजार रुपये संगीतावर घालायचे आहेत. शास्त्रीय, नाट्यसंगीत, जॅझ चालतं. बाकी कशाचंही वावडं नाही. ॲप पुढे सरकवतं ते तेच ते. तीन गोष्टी सांगा. नवे कलाकार हुडकायची पक्की रीत काय? पैसे कशावर घालायचे, फाइल, सीडी की रेकॉर्ड? आणि आपल्या मे महिन्यात रेकॉर्डचं काय होतं? कामापुरतं लिहा. 'आमच्या वेळी' हे प्रकरण वेगळ्या धाग्यावर.

मध्यलय
पहिल्याचं उत्तर देतो. मुख्य कलाकाराचं नाव सोडा आणि बाकीची नावं वाचा: साथीला कोण, ध्वनिमुद्रण कोणाचं, लेबल (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी) कोणतं. ॲप आवाजाच्या सारखेपणावर आणि इतर ऐकणाऱ्यांच्या सवयींवर चालतं, म्हणून ते गोल फिरवतं. साथीदार मात्र दहा ठिकाणी वाजवतो आणि त्या दहा जागा एकमेकींसारख्या नसतात.

उदाहरण घ्या. झाकीर हुसेन यांचा १९८७चा ईसीएम लेबलवरचा अल्बम. त्यात हरिप्रसाद चौरसिया आणि जॉन मॅक्लॉफ्लिन आहेत, ती नावं आपल्याला माहीत असतात. चौथं नाव यान गार्बारेक, नॉर्वेचा सॅक्सोफोनवाला. आता त्याच्या मागे जा. १९९२मध्ये त्याच लेबलवर त्याने पाकिस्तानच्या उस्ताद फतेह अली खाँ यांच्यासोबत वाजवलंय. १९९४मध्ये हिलियर्ड एन्सेंबल या चार गायकांच्या चर्चसंगीतावर त्याचा सॅक्सोफोन आहे. तबल्यावरून निघालात आणि तिसऱ्या उडीत युरोपातल्या जुन्या चर्चमध्ये पोचलात. कोणतंही ॲप ही उडी मारायला धजणार नाही.

करायचं असं. डिस्कॉग्स या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर कलाकाराच्या पानावर त्याचे स्वतःचे अल्बम आणि इतरांच्या अल्बमवरचं श्रेय वेगवेगळं दिसतं. 'क्रेडिट्स'मधला 'इन्स्ट्रुमेंट्स अँड परफॉर्मन्स' हा भाग उघडा आणि वर्षाप्रमाणे लावा. ओळखीची नावं वगळा. उरलेल्यांतले तीन निवडा, प्रत्येकाचे दोन ट्रॅक पूर्ण ऐका. एका बैठकीला तीनच. वीस टॅब उघडले की एकही नीट ऐकला जात नाही.

बर्डी_ब्लूज
याला जोड लेबलची. ईसीएम १९६९मध्ये म्युनिकला मान्फ्रेड आयशरने सुरू केलं आणि आजही त्याचीच निवड चालते. अशा एकहाती लेबलचा कॅटलॉग नंबर धरून पुढे-मागे दहा-दहा अल्बम ऐकले की कान कुठे रमतो ते कळतं. २०१७च्या नोव्हेंबरपर्यंत त्यांचं स्ट्रीमिंगवर जवळपास काही नव्हतं, आता आहे. म्हणजे ऐकायला पैसे लागत नाहीत, आवडलं तरच घ्या.

नव्या गोष्टींसाठी शुक्रवार राखून ठेवा. १० जुलै २०१५पासून जगभर अल्बम शुक्रवारी येतात. लेबलांच्या मेलिंग लिस्टला नाव घाला, मेलचं वेगळं फोल्डर करा, आठवड्यातून एकदा बघा. रोज बघितलं तर दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो.

खामला_कट्टा
भाऊ, तुम्ही सगळे नॉर्वेला पोचले, आकाशवाणी राहूनच गेली नं! 'रागम' ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी २०१६पासून चालू आहे, आकाशवाणीच्या ॲपवर फुकट ऐकू येते. कलाकार, राग आणि साथ यांची निवेदनं ऐकत जा अन् वही-पेन जवळ ठेवा. गाणं ओळखणारं ॲप इथे कामाचं नाही. ते छापलेल्या ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवते, रागाची ओळख त्याला नाही. आकाशवाणीच्या संग्रहातली मैफल त्याच्याकडे नसली तर ते गप बसते नाही तर भलतंच सांगते.

वहीत चार रकाने करा: कलाकार, राग, तबला, तारीख. महिन्याच्या शेवटी एकच नाव तीनदा आलं असलं, तर समजा आपला कान त्याच्याकडे चालला. मग त्याचं विकत घेण्यासारखं काय आहे ते पाहा.

अन् सिव्हिल लाइन्सले वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या कार्यक्रमांत नवे गायक-वादक येतात, ते ऐका. कार्यक्रम संपल्यावर कलाकाराला थेट विचारा, "तुमचं ध्वनिमुद्रण कुठे मिळेल?" पुष्कळांकडे सीडी किंवा पेनड्राइव्ह असतो अन् दुकानात तो कधीच दिसत नाही. सुटे पैसे घेऊन जा. विंगेत यूपीआयचं नेटवर्क हटकून दगा देते.

धंतोली_डेक
छान. आता विकत घेण्याकडे वळू. बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या साइटबद्दल ऐकलंय, पण तिथे कार्ड नाकारलं जातं.

फ्लॅक_फाटक
कार्ड नाकारलं जाण्याचं नेहमीचं कारण साधं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२०पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारासाठी बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा. एक चालू करून भागत नाही. मर्यादा दोन हजार रुपये टाका आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा.

खर्चाचा हिशेब. कार्ड साधारण २ ते ३.५ टक्के परकीय चलन शुल्क लावतं आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ३.५ टक्केवाल्या कार्डावर १० डॉलरच्या अल्बमला ३५ सेंट आणि वर ६ सेंट, म्हणजे सव्वाचार टक्क्यांच्या आत. पेपालने भरत असाल तर पैसे देण्याआधी चलन रूपांतराचा पर्याय उघडून 'विक्रेत्याच्या चलनात' निवडा, नाहीतर पेपाल स्वतःच्या दराने रुपये कापतं आणि तो दर बहुधा कार्डापेक्षा महाग पडतो.

आता बँडकॅम्पचं. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के ठेवतात, सीडी-रेकॉर्डसारख्या वस्तूंवर १० टक्के. पैसे स्वीकारण्याचं शुल्क वेगळं. उरलेलं कलाकाराला किंवा लेबलला. ठरावीक शुक्रवारी, म्हणजे बँडकॅम्प फ्रायडेला, ते आपला वाटा सोडतात. ही प्रथा मार्च २०२०मध्ये सुरू झाली. वेळ कॅलिफोर्नियाची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात शुक्रवारी दुपारी १२.३०ला सुरू होऊन शनिवारी १२.३०ला संपतो, हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी घाईघाईने पैसे भरलेत तर कलाकाराला नेहमीइतकेच मिळतील.

एक चूक सर्रास होते. पानावर ऐकू येतं ते १२८ केबीपीएसचं एमपीथ्री. त्यावरून आवाजाचा दर्जा ठरवू नका. विकत घेतल्यावर त्याच किमतीत फ्लॅक, वेव्ह, एएलएसी (हे आवाज न गमावणारे फाइलचे प्रकार) यांपैकी काहीही उतरवता येतं. फ्लॅकच घ्या, त्यातून पुढे काहीही बनवता येतं.

बर्डी_ब्लूज
बँडकॅम्पवर शोधण्याची खरी युक्ती पैशात नसून चेहऱ्यांत आहे. अल्बमच्या पानावर विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. तुम्हाला मनापासून आवडणारे दोन अल्बम निवडा, फार प्रसिद्ध नकोत. दोन्ही घेतलेला माणूस शोधा. त्याचा संग्रह उघडा. पाच हजार अल्बमवाला निरुपयोगी, तो सगळंच घेतो. शंभर ते तीनशेवाला बघा, त्याने पैसे मोजताना विचार केलेला असतो. त्याला फॉलो करा. असे पाच जण पुरेत.

आवडलेलं लगेच घेऊ नका, विशलिस्टमध्ये टाका. दोन आठवड्यांनी पुन्हा ऐका. निम्मी यादी आपोआप गळते.

तानपुरा_तार
सीडीचं कोणी बोलेना म्हणून मी बोलते. आज सगळ्यांत स्वस्तात चांगला आवाज जुन्या सीडीत आहे. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, शिवाय आतली पुस्तिका. पण घेताना डोळे उघडे हवेत.

एक, पाकिटावर 'कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ' ही खूण हवी. '१०० गाणी' लिहिलेली तबकडी एमपीथ्रीची असते, अधिकृत कंपनीची असली तरीही. सीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात. दोन, वाचणारी बाजू चंदेरी हवी. निळसर किंवा हिरवट असेल तर ती घरी संगणकावर बर्न केलेली प्रत. तीन, तबकडी दिव्यासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर परावर्तक थर गेला, घेऊ नका. चार, आणि हे बहुतेकांना उलटं वाटतं: छापील बाजूचा ओरखडा जास्त वाईट. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक आहे, तिथला ओरखडा घासून काढता येतो. छापील बाजूला थर लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो, तिथे नखानेही नुकसान होतं.

पुसताना मधून कडेला सरळ पुसा. गोल पुसलं तर पडणारा बारीक ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि चूक दुरुस्त करण्याची यंत्राची क्षमता तिथे अपुरी पडते.

फ्लॅक_फाटक
ताईंच्या सीडी संगणकावर उतरवताना विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम, मॅकवर एक्सएलडी. 'सिक्युअर' पद्धत आणि ॲक्युरेटरिप चालू ठेवा, म्हणजे तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडली जाते. भारतीय सीडींची नोंद पुष्कळदा तिथे नसते; मग दोनदा उतरवून दोन्हींची तपासबेरीज (चेकसम) जुळते का ते पाहा. फ्लॅकची फाइल दाबण्याची पातळी ५ ठेवा. पातळीने फक्त फाइलचा आकार आणि वेळ बदलतो, आवाज तोच. तासाभराची सीडी ६३५ एमबीच्या आसपास असते, फ्लॅकमध्ये साधारण निम्मी होते.

नावं भरताना आत्ताच नियम ठरवा. आपल्याकडे सीडीवर 'कलाकार' म्हणून कधी गायक, कधी संगीतकार, कधी नटाचं नाव असतं. 'अल्बम आर्टिस्ट' या रकान्यात गायक, 'कंपोझर'मध्ये संगीतकार, राग आणि ताल 'कॉमेंट'मध्ये. 'यमन' आणि 'इमन' यांतलं एकच ठेवा. हजार फाइली झाल्यावर हे करायला बसलात तर दिवाळीची सुटी त्यातच जाईल.

'हाय-रेझ', म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची, म्हणून विकलेल्या फाइलीचा संशय आला तर स्पेक नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये टाका. १६ किलोहर्ट्‌झला कापल्यासारखी सपाट रेघ दिसली तर ती बहुधा १२८ची एमपीथ्री फुगवलेली आहे. जुन्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) ध्वनिमुद्रणाला मात्र ही कसोटी लावू नका, त्यात वरचं मुळातच नसतं.

सुई_खाली
आता रेकॉर्ड. इतवारी-महालकडचे जुने वाडे रिकामे होताना कबाड्याकडे माल येतो, बर्डीला जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांतही निघतो. जाताना खिशात मोबाइलचा टॉर्च आणि मऊ कापड.

बघायचा क्रम असा. मधल्या भोकाभोवती चिकटवलेल्या कागदी लेबलवर बारीक रेघा पाहा. सुई ठेवणारे अंदाजाने तबकडी बसवतात, त्याच्या या खुणा. रेघांचं जाळं असेल तर तबकडी खूप वाजलेली, वरून चकाकली तरी. मग टॉर्च तिरपा धरा. ओरखड्यावरून नख अलगद फिरवा. नख अडलं तर टक् ऐकू येणारच. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे दर १.८ सेकंदाला एक टक्. वीस मिनिटांच्या बाजूवर केंद्राकडे जाणारा अर्धा सेंटिमीटरचा ओरखडा म्हणजे सुमारे चाळीस फेरे, सव्वा मिनिट टक्-टक्. नाट्यगीत असेल तर सोसवतं, विलंबित आलापीत नाही. तबकडी करडी, निस्तेज दिसत असेल तर बोथट सुईने खाचा खाल्ल्यात. ती कितीही धुतली तरी शेवटच्या गाण्यात आवाज फाटणार.

एचएमव्हीच्या क्रमांकाची आद्याक्षरं पाठ करा. ईएएलपी म्हणजे शास्त्रीय मोनो, ईएएसडी शास्त्रीय स्टीरिओ. ईसीएलपी आणि ईसीएसडी हीच मोनो-स्टीरिओची दुसरी जोडी, त्यात चित्रपटगीतं भरपूर. ७ईपीई ही ४५ची छोटी तबकडी. गठ्ठ्यातून चाळताना यानेच हात थांबतो.

दर ठरवताना डिस्कॉग्सवर मागितलेली किंमत बघू नका, विकली गेलेली बघा. तिथे सर्वांत कमी, मधली आणि सर्वांत जास्त अशी नोंद असते. आणि पुनर्प्रकाशन आहे का ते तपासा. चरणजित सिंग यांची १९८२ची सिंथेसायझरवरच्या रागांची एचएमव्हीची मूळ तबकडी संग्राहकांच्या किमतीला जाते. तीच २०१०मध्ये पुन्हा निघाली. ऐकायचंच असेल तर नवी घ्या.

बर्डी_ब्लूज
ऑनलाइन घेताना प्रतवारी नीट वाचा. तबकडीची वेगळी, वेष्टनाची वेगळी. 'व्हीजी प्लस' (व्हीजी म्हणजे 'व्हेरी गुड') म्हणजे हलक्या खुणा, वाजताना त्रास नाही. नुसतं 'व्हीजी' म्हणजे शांत जागी खरखर. 'गुड' हे नाव फसवं आहे, ती वाईटच असते. शास्त्रीयला व्हीजी प्लसच्या खाली उतरू नका. 'वाजवून पाहिली की नुसती बघून प्रत ठरवली?' एवढं विक्रेत्याला विचारा.

दुसरी सूचना विक्रेत्याला लेखी द्या: तबकडी जॅकेटच्या (पुठ्ठ्याच्या वेष्टनाच्या) बाहेर काढून, आतल्या पाकिटासकट मागे ठेवा, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा. आत ठेवून पाठवली की पार्सल आपटल्यावर तबकडीची धार जॅकेटची शिवण फाडते.

परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर आणि पाठवणीच्या खर्चावर मिळून लागतं. 'गिफ्ट' लिहून सूट मिळायचे दिवस डिसेंबर २०१९मध्ये संपले. कमी किंमत लिहायला सांगू नका. पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते. एकेक मागवण्यापेक्षा एकाच विक्रेत्याकडून तीन-चार घ्या, पहिल्या तबकडीचाच पाठवणीचा खर्च जड असतो.

धंतोली_डेक
नातेवाईक अमेरिकेतून जुना टर्नटेबल देताहेत, ११० व्होल्टचा. ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

सुई_खाली
मोटर कोणती ते आधी पाहा. सिंक्रोनस एसी मोटर असेल तर ती विजेच्या वारंवारतेवर फिरते. तिकडे ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, वारंवारता नाही. ३३⅓ऐवजी २७.८च्या वेगाने फिरेल आणि पेटीच्या काळी चार पट्टीतला गायक पांढरी चारच्याही किंचित खाली जाईल. काही यंत्रांना ५० हर्ट्‌झची पुली मिळते. डीसी मोटर किंवा अडॅप्टरवालं असेल तर हा प्रश्न नाही.

७८च्या तबकड्या असतील तर सुई वेगळी लागते, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची, म्हणजे ३३⅓च्या मोठ्या तबकडीची, ०.७ मिलची सुई रुंद खाचेच्या तळाशी लोळते, खरखर वाढते. आणि गठ्ठ्यात ग्रामोफोन मिळाला तर त्याची पोलादी सुई एलपीवर चुकूनही ठेवू नका, एका फेऱ्यात खाच संपते.

वाडीवाला
धुण्यासाठी सॅनिटायझर आणि नळाचं पाणी चालतं. अल्कोहोलच तर असतं.

तानपुरा_तार
नाही चालत, दादा. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन किंवा जेल असतं, ते खाचेत चिकट थर ठेवतं. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेत बसतात आणि तेच पुढे खरखरतात. डिस्टिल्ड पाणी तीन भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग, भांडी घासायच्या बिनरंगी द्रावणाचा लिटरला एखादा थेंब. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. लेबल कोरडं ठेवा.

हे फक्त व्हिनाइलसाठी, म्हणजे एलपी आणि ४५च्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांसाठी. ७८च्या तबकड्या लाखेच्या, अल्कोहोलने लाख विरघळते. त्यांना पाणी आणि साबणाचा थेंब, लगेच कोरडं.

वाडीवाला
मान्य, ताई. अर्धी बाटली खिडक्या पुसायला गेली म्हणायची.

खामला_कट्टा
आता मे महिन्याचं. बाहेर ४५ अंश असलं तरी घरातली उभी तबकडी वाकत नाही. वाकते ती तीन ठिकाणी: उन्हातल्या बंद गाडीत, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकून, अन् आडव्या गठ्ठ्याच्या तळाशी. साठ-सत्तर अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडू लागते. सीताबर्डीहून घेतली, गाडीत ठेवून जेवायला गेले, की ताटली झाली म्हणून समजा. पार्सलवाल्याला मे-जूनमध्ये सांगून ठेवा, गच्चीवर किंवा फाटकावर टाकू नको, हातात दे.

कप्पे सुताराकडून करून घेताना आतून ३३ बाय ३३ सेंटिमीटर, प्लाय १८ मिलिमीटर. शंभर एलपी २५-३० किलो भरतात, लांब फळी झुकते. उभ्या ठेवा, तिरप्या नाही. पीव्हीसीची बाहेरची पाकिटं नको, ती उष्णतेत तबकडीवर धुक्यासारखे डाग सोडतात. पॉलिथिनची घ्या.

धंतोली_डेक
आणि कूलर? एकच खोली आहे, खिडकीला कूलर, समोरच्या भिंतीशिवाय जागा नाही.

खामला_कट्टा
समोरची भिंत नकोच. कूलरचा झोत ओला असतो, जॅकेटचा कागद फुगते अन् जुलैत पांढरे ठिपके येऊन राहतात. कूलर ज्या भिंतीत आहे, त्याच भिंतीच्या दुसऱ्या कोपऱ्यात कप्पा ठेवा, जमिनीपासून वीतभर वर अन् भिंतीपासून चार बोटं पुढे. दुसरी खिडकी किंवा दार फटीएवढं उघडं ठेवा, नाहीतर ओल खोलीतच कोंडते. कूलर धुवायच्या दिवशी एक जॅकेट काढून नाकाला लावा. कुबट वास आला तर सगळी पाकिटं पंख्याखाली उघडी करा, उन्हात नाही.